‘छातीचे डॉक्टर’ : एका ओसरत चाललेल्या पिढीची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेच्या वर्तमानपत्रांतील निधनवार्तांच्या रकान्यात अधूनमधून ‘निवृत्त क्षयरोगतज्ज्ञ’ असे दोन शब्द वाचायला मिळतात. तरुण वाचकाला तो एखाद्या बंद पडलेल्या खात्यातील हुद्दा वाटत असेल, तर त्याचा दोष नाही. हेच काम करणाऱ्यांच्या पाटीवर आता ‘फुप्फुसविकारतज्ज्ञ’ किंवा ‘पल्मनॉलॉजिस्ट’ असे लिहिलेले असते. जुन्या डॉक्टरांच्या नावापुढे टी.डी.डी. अशी अक्षरे असत. ती केवळ क्षयरोगाची पदविका होती. पुढे डी.टी.सी.डी. आली आणि क्षयाच्या जोडीला छातीचे इतर विकारही त्या पदविकेत आले. लोकांनी मात्र ही अक्षरे कधी मनावर घेतली नाहीत. त्यांच्या लेखी ते शेवटपर्यंत ‘छातीचे डॉक्टर’ किंवा सरळ ‘टीबीचे डॉक्टर’ राहिले.

या भागात ही डॉक्टरकी रुजली ती वानलेसवाडीत. कॅनडात जन्मलेले मिशनरी शल्यविशारद विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि १९२० मध्ये सांगली व मिरज यांच्या मधल्या जागेत क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम, म्हणजे दीर्घ मुक्कामाचे रुग्णालय, सुरू झाले. भोवतालच्या वस्तीला त्यांचेच नाव मिळाले. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या थंड हवेत, डॉ. बिलिमोरिया यांचे बेल-एअर हे सॅनेटोरियम १९१२ पासून चालू होते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखवून दिला होता. परंतु त्या जंतूवर चालणारे औषध हाती येण्यास पुढे साठ वर्षे गेली. तोवर उघडी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंड्यांचा खुराक आणि घरच्यांपासून दूर राहणे, एवढाच उपचार होता.

एवढाच म्हणणे अपुरे आहे, कारण शस्त्रक्रियेचा मार्गही होता आणि तो अंगावर काटा आणणारा होता. छातीच्या पोकळीत सुईने हवा भरून आजारी फुप्फुस मिटवून ठेवायचे, म्हणजे त्याला विश्रांती मिळून आतील पोकळी बुजेल, अशी त्यामागची कल्पना होती. भरलेली हवा हळूहळू शोषली जात असल्याने रुग्णाला ती ठरावीक दिवसांनी, अनेकदा वर्षानुवर्षे, पुन्हा भरून घ्यावी लागे. तेवढ्याने भागले नाही, तर एका बाजूच्या अनेक फासळ्या कापून काढल्या जात आणि छातीची ती बाजू कायमची खचे. बरे झालेल्या माणसाचा एक खांदा उतरलेला दिसे. सदऱ्याखाली तो लपत नसे आणि सोयरिकीच्या बैठकीत हमखास कोणाच्या तरी नजरेस येई. आणि हे उपचार तरी किती जणांच्या वाट्याला आले? देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख क्षयरुग्ण होते आणि त्यांच्यासाठी खाटा होत्या सुमारे सहा हजार.

चाळीसच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन व पास, आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड ही क्षयावरची औषधे आली. तरीही सॅनेटोरियमची गरज संपली ती खऱ्या अर्थाने मद्रासमध्ये. १९५६ पासून तेथे १९३ रुग्णांची तुलना करण्यात आली : एकाच औषधयोजनेवर काही जण सॅनेटोरियममध्ये, तर काही दाटीवाटीच्या घरांत, निकस आहारावर. वर्षअखेरीस घरी राहिलेल्यांचे निकाल जवळपास तितकेच चांगले निघाले आणि घरातील इतरांना त्यामुळे अधिक लागण झाली, असेही आढळले नाही. १९६२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम याच पायावर उभा राहिला. आज ज्यांच्या निधनवार्ता येतात, त्यांपैकी बहुतेकांनी त्यानंतरच या शाखेत पाऊल ठेवले. ज्या खाटांभोवती ही शाखा वाढली होती, त्या रिकाम्या होत गेल्या त्या त्यांच्याच कारकिर्दीत. सॅनेटोरियमचे छातीचे रुग्णालय झाले ते या ओघात.

काम मात्र सोपे झाले नाही. वर्ष-दीड वर्ष रोज औषध घ्यायचे आणि खोकला तर दोन महिन्यांतच थांबतो. मग माणूस गोळ्या कशाला गिळेल? त्यात सुगी, ऊसतोड आणि गाव सोडून जाणे. म्हणून या डॉक्टरांचा निम्मा वेळ निदानात नव्हे, तर न आलेल्या रुग्णाला परत बोलावण्यात जाई. रिफाम्पिसिन या नव्या औषधामुळे उपचार सहा महिन्यांवर आले, १९९७ पासून डॉट्स पद्धतीत नजरेसमोर गोळी देणे सुरू झाले. पण आपल्या गावच्या दवाखान्यात नाव लागू नये म्हणून दुसऱ्या तालुक्यात जाऊन तपासून घेणारी माणसे राहिलीच.

उतारवयात या डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण विभागात दमा आणि चुलीच्या धुराने छाती निकामी झालेल्या बायका अधिक दिसू लागल्या. ‘पंपाची (इनहेलरची) सवय लागते’ हा समज खोडून काढण्यात नंतरची अनेक वर्षे गेली. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात एकाच कुटुंबातून करोना पसरला तेव्हा या डॉक्टरांपैकी अनेक जण निवृत्त होते, आणि त्यांचे वय पाहता त्यांनी घरात बसणेच शहाणपणाचे होते.

एक गोष्ट मात्र त्यांच्या चिठ्ठीवरून सहसा सुटली नाही. मद्रासच्या निकालांनंतर आहाराचे महत्त्व शास्त्रीय चर्चेत मागे पडले होते, तरी जुन्या पद्धतीचे डॉक्टर औषधांखाली अंडी, दूध, शेंगदाणे लिहीत राहिले. २०१८ पासून सरकार क्षयरुग्णाच्या बँक खात्यात खुराकासाठी दरमहा ५०० रुपये भरू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.