एमजीटी-6 भरला, मग बेन-2 कशाला?

‘खऱ्या मालकाचा फॉर्म भरलाय’ असं कंपनीकडून ऐकलं की आधी विचारावं: कोणता? कलम 89 चा एमजीटी-6 की कलम 90 चा बेन-2?

कंपनी कायदा 2013 चं कलम 89 एवढंच विचारतं की भाग (शेअर) ज्याच्या नावावर आहे, त्याचाच आहे का. चाकणमधली शंभर टक्के उपकंपनी घ्या. प्रायव्हेट लिमिटेडला किमान 2 भागधारक लागतात, म्हणून 1 भाग एखाद्या संचालकाच्या नावावर ठेवतात. तो ‘भाग माझा नाही’ असं सांगणारा एमजीटी-4 देतो, मूळ कंपनी ‘तो आमचा आहे’ असं सांगणारा एमजीटी-5 देते आणि ते मिळाल्यापासून 30 दिवसांत उपकंपनी आकुर्डीच्या कंपनी निबंधकांकडे एमजीटी-6 ऑनलाइन दाखल करते. भाग एकच असला तरी सुटका नाही. (अशा नावापुरत्या भागधारकाला नॉमिनी म्हणतात; हा वारसनोंदीतला नॉमिनी नव्हे.)

कलम 90 मात्र विचारतं की या सगळ्यामागे शेवटी कोण आहे. तिथे कंपनीचं नाव चालत नाही, हाडामांसाचा माणूस लागतो. त्याच्या हिश्शाची किमान मर्यादा 10 टक्के. सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये ती 25 टक्क्यांच्या वर आहे. त्यामुळे तिथल्या मुख्यालयाने ‘आमच्याकडे असं कुणी नाही’ म्हटलं, तरी इथे कुणी निघू शकतो.

खरा घोळ हिशेबात होतो. भोसरीच्या कंपनीत घरच्या होल्डिंग कंपनीचे 40 टक्के. होल्डिंगमध्ये वडिलांचे 60, मुलाचे 40. गुणाकार करून 24 आणि 16 काढतात आणि दोघांकडून बेन-1 (‘मागचा खरा मालक मी’ असं त्या व्यक्तीचं घोषणापत्र) घेतात. नियमात गुणाकारच नाही. मधल्या कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा असेल तर तिचे सगळे 40 टक्के त्या व्यक्तीचे, नाहीतर शून्य. वडील बसतात, निव्वळ या हिशेबात मुलगा बसत नाही. आणि ज्याचे सगळे भाग थेट स्वतःच्याच नावावर आहेत, अप्रत्यक्ष काहीच नाही, त्याला 70 टक्के असले तरी बेन-1 लागत नाही.

भाग नसले तरी नियंत्रण पुरतं. मे 2024 मध्ये दिल्लीच्या निबंधकांनी लिंक्डइन इंडिया, तिच्यामागच्या मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला आणि इतरांना याच कलमाखाली दंड केला.

बेन-1 मिळाल्यावर 30 दिवसांत कंपनीने निबंधकांकडे बेन-2 भरायचा, आणि नोंद स्वतःच्या बेन-3 नोंदवहीत करायची. पण बेन-1 ची वाट बघत बसणं हीच चूक. 10 टक्के किंवा जास्त भाग असलेल्या प्रत्येक बिगर-व्यक्ती सभासदाला (म्हणजे कंपनी वगैरे भागधारकाला) माहिती मागणारी बेन-4 नोटीस कंपनीनेच पाठवायची असते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या 15 दिवसांत कंपनी न्यायाधिकरणाकडे अर्ज करून त्या भागांवर निर्बंध मागावे लागतात.