कंदाला फ्रिजमध्ये कशाला कोंडायचं?

हिवाळा सरत आला की बागकामाच्या व्हिडिओंना ऊत येतो. फांद्या कापून फुलदाणीत लावा, कुंड्या खिडकीपाशी सरकवा, घरात वसंत आणा. सल्ले बहुतेक ठीक असतात, पण त्यांच्या मुळाशी एक समज असतो की ऊब मिळाली की झाड फुलतं. समशीतोष्ण हवामानातल्या झाडांच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे. ऊब शेवटी येते. त्याआधीची सगळी तयारी थंडी करून गेलेली असते.

करून बघायचं असेल तर कळ्या धरलेली चेरीची किंवा फॉर्सिथिया या पिवळ्या फुलांच्या झुडपाची फांदी पानगळीच्या सुमारास कापा आणि उबदार खोलीत पाण्यात ठेवा. ती ढिम्म हलत नाही. तशीच फांदी हिवाळ्याच्या अखेरीस आणली तर दोन-तीन आठवड्यांत फुलते. दुसऱ्या फांदीने मधली थंडी अंगावर काढलेली असते, एवढाच काय तो फरक. सफरचंदाच्या अनेक जातींना ० ते ७ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीचे साधारण १००० तास लागतात. ट्यूलिपची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या कंदात फूल उन्हाळ्यातच घडून तयार असतं, पण १२ ते १६ आठवडे गारवा मिळाला नाही तर दांडा लांबत नाही आणि फूल पानांच्या बेचक्यातच अडकतं. म्हणून जिथे हिवाळा नावापुरता असतो तिथे कंद फ्रिजमध्ये कोंडावा लागतो. (फळांजवळ मात्र ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते.)

या अटीमागचं कारण उघड आहे. भर हिवाळ्यात चार दिवस ऊन तापलं आणि झाड त्याला भुललं, तर पुढच्या गारठ्यात फुलं जातील. पण आत्ता थंडी आहे हे कळणं वेगळं आणि दहा आठवडे थंडी होती हे लक्षात राहणं वेगळं. ज्याला मेंदू नाही, त्याने हा हिशेब ठेवायचा कुठे? मला या विषयाचं वेड लागलं ते इथे, त्यामुळे जरा रेंगाळतो.

सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे तो अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या रोपाचा. (झाडांच्या कळ्यांतली जनुकं वेगळी आहेत, पुढचं वर्णन चेरीला जसंच्या तसं लावू नका.) या रोपात एफएलसी नावाचं एक जनुक असतं. ते चालू असेपर्यंत फुलोऱ्याला मज्जाव. थंडी पडली की ते हळूहळू बंद पडतं, आणि ऊब परतली तरी बंदच राहतं. याला वासंतीकरण म्हणतात.

‘हळूहळू’ म्हणजे काय, हा खरा प्रश्न. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटर या संशोधन संस्थेतल्या कॅरोलाइन डीन आणि मार्टिन हॉवर्ड यांच्या गटांनी २०११ साली दाखवलं की कुठल्याही एका पेशीत हे जनुक अर्धवट बंद होत नाही. ते एकतर चालू असतं किंवा पुरतं बंद. थंडी जितकी लांबते तितक्या जास्त पेशी बंदच्या बाजूला जातात. संध्याकाळी एखाद्या इमारतीकडे लांबून पाहावं, तर उजेड मंद होत गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात एकेका घरातला दिवा विझत असतो. हिवाळ्याचा हिशेब असा डोकी मोजून ठेवलेला असतो.

आता दिवा विझतो कसा? डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. थंडीत व्हीआयएन३ हे प्रथिन आठवड्यागणिक साठत जातं. त्याच्या मदतीने विकरांचा (एन्झाइमांचा) एक समूह एफएलसीच्या एका टोकाच्या दोन-तीन रिळांवर मिथाइल गटांची, म्हणजे छोट्या रासायनिक तुकड्यांची, खूण करतो. ऊब परतल्यावर ही खूण पूर्ण जनुकभर पसरते आणि त्याला बंद ठेवते. पेशी विभागताना डीएनएच्या दोन प्रती होतात, जुनी रिळं दोन्हींत वाटली जातात, आणि तेच विकर जुनी खूण वाचून शेजारच्या नव्या रिळावर उमटवतं. आठवण टिकते ती अशी. २०१५ साली तर याच गटांनी एकाच पेशीतल्या एफएलसीच्या दोन प्रतींना दोन वेगवेगळे चमकणारे रंग जोडून पाहिलं. कित्येक पेशींत एक प्रत चालू होती आणि दुसरी बंद! चालू की बंद हे पेशीगणिक नाही, प्रतीगणिक ठरतं. म्हणजे आठवण पेशीभर विरघळलेल्या कुठल्या रसायनात नसते. ती त्या-त्या प्रतीच्या रिळांवर बसलेली असते.

व्हीआयएन३ इतक्या सावकाश का साठतं, याचं उत्तर २०२० साली आलं. त्याला चालना देणारं एनटीएल८ हे प्रथिन सहजी मोडत नाही. एरवी पेशी भराभर वाढतात आणि ते विरळ होत जातं. थंडीत वाढ मंदावते, विरळ होणं थांबतं, साठा वाढतो. रोप आपल्याच मंदपणावरून थंडीचे दिवस मोजतं.

थंडीची ही गरज १९१८ सालीच जर्मनीत गुस्ताव्ह गासनर यांनी राय या धान्यावर दाखवली होती. पुढे सोव्हिएत संघात ट्रोफिम लिसेंकोने त्यावर भलताच डोलारा उभारला. थंडीने बदललेला गुण पुढच्या पिढीत उतरतो असा त्याचा दावा होता. सत्तेचा हात पाठीशी असल्याने तो चालला, आणि त्याला विरोध करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह १९४३ साली तुरुंगातच वारले. आजही एपिजेनेटिक्सच्या (डीएनएची अक्षरं न बदलता जनुकं चालू-बंद होण्याच्या अभ्यासाच्या) नावाने पूर्वजांच्या आठवणी अंगात वाहतात वगैरे सांगणारे भेटतात. एफएलसीपुरतं तरी उत्तर पक्कं आहे. बी तयार होताना ही खूण पुसली जाते, जनुक पुन्हा चालू होतं, आणि नव्या रोपाला आपला हिवाळा स्वतःच काढावा लागतो.

फांदी आणलीच असेल तर तिचं टोक हातोडीने ठेचू नका. व्हिडिओत सांगतात खरं, पण त्याने पाणी वर नेणाऱ्या नळ्या चिरडतात. धारदार कात्रीने तिरका काप द्या, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, आणि कळ्या उमलायला लागल्या की फुलदाणी खोलीच्या गार कोपऱ्यात हलवा. फुलं जास्त दिवस टिकतात.