काढ्यातले घटक (सर्दी-खोकल्याची वनस्पती सप्लिमेंट)

सर्दी, खोकला, घसा बसणं यावर जे काढे, सिरप नि कॅप्सूल मिळतात त्यात काम करतात ते झाडपाल्यातले मोजके रासायनिक घटक, बाकी सगळा चोथा, पाणी नि साखर. सांगली-साताऱ्याकडं हा माल दाराशीच, हळद सांगलीची, आलं साताऱ्याचं आणि अडुळसा बांधावर (इतका कडू की शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला बरा).

अडुळशाच्या पानात वॅसिसीन नावाचं अल्कलॉइड (वनस्पतीत बनणारं कडवट रसायन) असतं. त्याच्याच धर्तीवर १९६० च्या दशकात ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध आलं, आणि ते पोटात गेल्यावर त्यातून जे बनतं ते अँब्रोक्सॉल, मेडिकलमधल्या कितीतरी कफ सिरपवर हेच नाव दिसेल. त्यामुळं "मी इंग्रजी औषध घेत नाही, अडुळसाच घेतो" म्हणणाऱ्याला सांगायला हरकत नाही की दोन्ही एकाच भावकीतली आहेत. वॅसिसीननं गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदर बाईनं अडुळसा घेऊ नये.

हळदीचं गणित वेगळं. तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, काढा कितीही उकळा, हळद तळाशी बसते आणि आपण वरचं पिवळं पाणी पितो. दुधातल्या स्निग्धांशात थोडं उतरतं म्हणून हळद-दूध त्यातल्या त्यात शहाणपणाचं. तरी रक्तात फार कमी पोचतं. १९९८ च्या एका अभ्यासात माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं पायपरीन २० मिलिग्रॅम दिलं तर शोषण सुमारे २० पट वाढलं, पण तेच पायपरीन इतर काही औषधांचंही शोषण वाढवतं, रोजच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरला विचारावं.

ओल्या आल्यात जिंजेरॉल असतं, वाळवून सुंठ केली की त्यातल्या काहीचं शोगाओल होतं आणि ते जास्त झोंबतं. तुळशीतलं युजेनॉल उडून जाणारं, उघड्या पातेल्यात उकळली की घरभर वास सुटतो आणि कपात थोडंच उरतं, तेव्हा झाकण ठेवा.

यातला कुठलाच घटक सर्दीचा व्हायरस शरीरात मारतो असं सिद्ध नाही, आराम पडतो तो कफ, घसा नि झोपेत. सप्लिमेंट म्हणून विकतात ते कायद्यानं अन्नात मोडतं, आजार बरा करण्याचा दावा त्यावर करता येत नाही. डबीवर नुसता 'अर्क ५०० मिग्रॅ' असेल तर त्यात वॅसिसीन किंवा कर्क्युमिन किती ते कळत नाही, टक्केवारी छापलेली बघावी. खोकला दोन आठवडे हटला नाही तर मात्र काढा बाजूला ठेवून सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायची, तिथं टीबीची तपासणी फुकट होते.

ज्येष्ठमध राहिलंच. त्यातलं ग्लिसिरायझिन पाण्यात सहज उतरतं आणि साखरेपेक्षा कितीतरी गोड, म्हणून म्हातारी माणसं काडी दिवसभर चघळत बसतात, आठवडेच्या आठवडे असं चाललं की पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं आणि घरचे बीपीच्या गोळीला नावं ठेवतात.