निकेल-क्रोमच्या कॅपमध्ये सिलेन कशाला?

दातावर पीएफएम (धातूवर पोर्सेलिन चढवलेली) कॅप बसवताना आतून सिलेन हे पकड देणारं रसायन लावायचं, वर रेझिन सिमेंट भरायचं आणि सहा महिन्यांनी कॅप हातात आली की सिमेंटच्या नावाने खडे फोडायचे, हे आता फार झालं. ‘पीएफएम म्हणजे सिरॅमिक, सिरॅमिकला सिलेन’ या हिशेबाने हे चालतं. पण पीएफएमचं पोर्सेलिन बाहेर असतं. सिमेंटला भिडते ती आतली बाजू, आणि ती निखळ धातू.

सिलेन सगळ्यांच्या ओळखीचं आहे, म्हणून थोडक्यात. त्याचं एक टोक काचेतल्या सिलिकाला धरतं, दुसरं रेझिनला. हायड्रोफ्लोरिक ॲसिडने एच केलेल्या (खरखरीत केलेल्या) लिथियम डायसिलिकेटवर, म्हणजे काचेच्या सिरॅमिकवर, त्याला तोड नाही. एका बाटलीचं सिलेन गढूळ दिसलं की फेकायचं. बस्स.

धातूवर सिलिका नसते, गोची इथेच आहे. निकेल-क्रोम आणि कोबाल्ट-क्रोम या कॅपच्या धातूंवर असतो तो ऑक्साइडचा पातळ थर, मुख्यतः क्रोमियमचा. त्याला पकडायला फॉस्फेट गट लागतो, म्हणजे एमडीपी हे मोनोमर (रेझिनला जोडला जाणारा छोटा रेणू). सिमेंटआधी धातूला लावायच्या मेटल प्रायमरमध्ये काम करतं ते हेच. सिलेनही या ऑक्साइडवर नुसतं बसतं, पण ती पकड पाण्यापुढे टिकत नाही. म्हणून पहिले काही महिने सगळं आलबेल वाटतं.

चूक कुठे झाली हे निघालेली कॅपच सांगते. सिमेंट दातावर आणि धातू आतून लख्ख, तर धातूची बाजू कच्ची राहिली. सिमेंट कॅपमध्ये आणि दात कोरा, तर घोळ दाताच्या बाजूचा. हे न बघताच नवा ब्रँड मागवला जातो.

क्रम असा: ट्राय-इन, म्हणजे कॅप दातावर बसवून बघणं, आधी उरका. मग 50 मायक्रॉन ॲल्युमिनाने, 2 ते 3 बार दाबावर, साधारण 10 मिलिमीटरवरून सँडब्लास्ट करा. आतली चकाकी पूर्ण जाऊन सगळीकडे सारखा मंद राखाडी रंग दिसला पाहिजे. कोपऱ्यात चमकणारा ठिपका राहिला तर तेवढं पुन्हा. कॅप पाण्याने धुऊन तेलविरहित हवेने सुकवा, प्रायमरचा एकच पातळ हात द्या, सुकू द्या आणि लगेच सिमेंट. जाड थर दिल्याने पकड वाढत नाही, उलट तोच थर मधून फाटतो.

लॅबने सँडब्लास्ट करून पाठवलंय म्हणून ट्राय-इननंतर थेट सिमेंट करणं हाही आळसच. मध्ये लाळ लागलेली असते. लाळेतलं फॉस्फेट आणि प्रथिनं ऑक्साइडवरच्या एमडीपीच्या जागा अडवून बसतात. त्यावर कडी म्हणजे ‘स्वच्छ करायला’ आत 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिडची जेल फिरवणं! काचेच्या सिरॅमिकवर ती सवय चालून जाते. धातूवर आणि झिर्कोनियावर (बिनकाचेच्या सिरॅमिकवर) मात्र एमडीपीला हवी असलेली जागा तुम्ही स्वतःच फॉस्फेटने भरून टाकता. पुन्हा हलकं सँडब्लास्ट हाच सरळ उपाय.

सोन्याच्या मिश्रधातूवर ऑक्साइड जवळजवळ नसतोच, त्यामुळे तिथे नुसता एमडीपी तोकडा पडतो आणि गंधक असलेलं मोनोमर लागतं. काही मेटल प्रायमरमध्ये दोन्ही असतात, बाटलीवर वाचा.

सिलेन धातूवर चालण्याची एकच वाट आहे: सिलिका चढवलेल्या ॲल्युमिनाने ब्लास्ट करून आधी धातूवर सिलिकाचा थर देणं. मग सिलेन लावा, हरकत नाही. तोंडातच पोर्सेलिनचा टवका उडून धातू उघडा पडला असेल तर दोन्ही लागतात, पण ज्याचं त्याला: पोर्सेलिनला सिलेन, धातूला प्रायमर. सगळं एकत्र असलेल्या बाटल्या मिळतात. तरी सिलेन आम्लात फार काळ टिकत नाही, म्हणून तुटलेल्या पोर्सेलिनसाठी वेगळं, ताजं सिलेनच बरं.

आणि हा सगळा खटाटोप दर वेळी करायचा नसतो. प्रेप (कॅपसाठी घासलेला दात) 4 मिलिमीटर उंच आणि भिंती जवळजवळ समांतर असतील, तर ल्युटिंग ग्लास आयोनोमर हे साधं सिमेंट पुरतं. सेल्फ-ॲडहेसिव्ह रेझिन सिमेंटमध्ये फॉस्फेट मोनोमर आधीच असतं, त्यामुळे सँडब्लास्ट केलेल्या निकेल-क्रोमला वेगळा प्रायमर सहसा लागत नाही. मेटल प्रायमरची खरी गरज पडते ती आखूड दातावर आणि मेरीलँड ब्रिजच्या, म्हणजे शेजारच्या दातांना मागून चिकटवायच्या ब्रिजच्या, पंखांवर. तिथे आधार घर्षणाचा नसतो, जे काही धरायचं ते रसायनानेच. नेमकी तिथेच सिलेनची बाटली उघडलेली दिसते.