कानातील मळ आणि कानांची निगा

बाह्यकर्णनलिकेच्या, म्हणजे कानाच्या तोंडापासून पडद्यापर्यंतच्या नळीच्या, त्वचेतील ग्रंथींचा स्राव, झडलेल्या त्वचेचे सूक्ष्म पापुद्रे, बारीक केस आणि धूळ मिळून तयार होणारा मेणचट पदार्थ म्हणजे कानातील मळ. निरोगी कानात तो असायलाच हवा. तो त्वचा तेलकट ठेवतो, पाणी आत मुरू देत नाही, धूळ आणि कीटक अडवतो. त्याच्या आम्लधर्मामुळे जंतू आणि बुरशी यांची वाढही आटोक्यात राहते. सतत कोरून स्वच्छ केलेला कान कोरडा पडतो, खाजतो, आणि खाजतो म्हणून माणूस तो पुन्हा कोरतो.

प्रौढ माणसाची कर्णनलिका सुमारे २.५ सेंमी. लांब आणि किंचित वळणदार असते. तिचा बाहेरचा एकतृतीयांश भाग कूर्चेचा (मऊ, लवचीक हाडाचा) आणि आतला दोनतृतीयांश भाग हाडाचा असतो. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी आणि केस फक्त बाहेरच्या भागात असतात. आतल्या भागातली त्वचा अतिशय पातळ असून थेट हाडाला चिकटलेली असते. तिथे साधा ओरखडाही कळवळायला लावतो. तिथे ग्रंथीच नसल्यामुळे पडद्याला टेकलेला मळ दिसला, तर बहुतेक वेळा तो कशाने तरी आत ढकलला गेलेला असतो.

कान स्वतःला साफ करतो, आणि घरगुती निगेचा सगळा विचार यावरच उभा आहे. पडद्याच्या मध्यापासून त्वचेचा वरचा थर कडेकडे, तिथून नलिकेच्या भिंतीवरून बाहेर सरकत राहतो. हा वेग जवळपास नखांच्या वाढीइतका, म्हणजे दिवसाला साधारण ०.१ मिमी. असतो. मळ त्या थरावर बसून बाहेर येतो. बोलताना, चावताना होणाऱ्या जबड्याच्या हालचालीने तो सुटा होतो आणि कानाच्या तोंडाशी येऊन गळून पडतो. निळ्या देवमाशात नेमके उलटे घडते: त्याची कर्णनलिका बाहेरून बंद असल्याने मळ जन्मभर थरांवर थर साचत जातो आणि त्या थरांवरून शास्त्रज्ञ त्याचे वय काढतात.

कापसाची काडी म्हणजेच इअरबड या बाहेर येणाऱ्या प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जाते. कापसाचा बोंडा नलिकेत जवळपास घट्ट बसतो. त्याच्या टोकाला थोडा पिवळा मळ लागून येतो म्हणून कान साफ झाल्यासारखे वाटते, पण उरलेला मळ आत रेटला जातो, दाबला जातो आणि हळूहळू त्याचा खडा होतो. काडीला चुकून धक्का लागला तर पडदा फाटू शकतो. केसांची पिन, किल्ली, आगपेटीची काडी यांचा धोका तर आणखी मोठा. कानात पोकळ मेणबत्ती धरून पेटवण्याच्या उपायाने मळ ओढला जात नाही. भाजण्याच्या आणि वितळलेले मेण कानात सांडण्याच्या घटना मात्र नोंदल्या गेल्या आहेत.

मळ ओला की कोरडा, हे आनुवंशिक असते. ओला मळ मधाच्या रंगाचा आणि चिकट, तर कोरडा राखाडी आणि भुसभुशीत असतो. पूर्व आशियात कोरडा मळ सर्रास आढळतो. हा फरक एकाच जनुकातील बदलामुळे पडतो, हे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले.

मळ साठून अडचण झाली की कानाला दडा बसतो, ऐकू कमी येते, आवाज घुमतो, खाज किंवा ठणका लागतो. काहींना कोरडा खोकला येतो. नलिकेच्या त्वचेत मेंदूकडून घसा-छातीकडे जाणाऱ्या एका नसेची शाखा असते, ती डिवचली जाते. आंघोळ किंवा पोहणे झाल्यावर एकाएकी दडा बसणे हेही नेहमीचे, कारण पाण्याने मळ फुगतो. वयोवृद्ध माणसे, अरुंद नलिकेची माणसे आणि श्रवणयंत्र वापरणारे यांच्यात मळ अधिक साठतो. काहीच त्रास नसेल तर मळ काढण्याची गरज नसते.

घरी करण्यासारखे काम थोडेच आहे: आंघोळीनंतर कानाची पाळी आणि कानाचे तोंड ओल्या फडक्याने पुसावे. दडा बसला असेल तर मळ मऊ करणारे थेंब वापरावेत. ऑलिव्ह तेल, मिठाचे निर्जंतुक पाणी, औषधाच्या दुकानातले सोडिअम बायकार्बोनेटचे थेंब यांपैकी काहीही चालते. अमुक एकच सरस असे सिद्ध झालेले नाही. बदामाचे तेल मात्र बदामाची ॲलर्जी असणाऱ्यांनी टाळावे. बाटली तळहातात धरून कोमट करावी, कुशीवर झोपावे, मोठ्यांच्या कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, दोन-तीन थेंब सोडून पाच-दहा मिनिटे तसेच पडून राहावे. दिवसातून दोनदा, तीन ते पाच दिवस. सुरुवातीला मळ फुगून दडा वाढल्यासारखा वाटतो; तेवढ्याने घाबरू नये.

पाणी मारून कान धुण्याचे काम दवाखान्यातच करून घेणे बरे. पाणी शरीराच्या तापमानाचे, म्हणजे सुमारे ३७° से. असावे लागते. व्हिएन्नातील कर्णतज्ज्ञ रॉबर्ट बारानी यांच्या लक्षात आले, की गार पाण्याने कान धुतला की रुग्णाला चक्कर येते आणि डोळे एका दिशेने झटके देत हलतात. गरम पाण्याने दिशा उलटते. या निरीक्षणातून आतील कान शरीराचा तोल कसा सांभाळतो हे उलगडत गेले आणि बारानी यांना १९१४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल, कानाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा पडद्यात नळी बसवलेली असेल, तर सल्ल्याशिवाय थेंब किंवा पाणी काहीही घालू नये. मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांनीही घरी प्रयोग करू नयेत, कारण ओल्या कानातला साधा संसर्ग त्यांच्यात हाडापर्यंत पोहोचू शकतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली बघत शोषक नळीने किंवा आकड्याने मळ काढतात. मुलाने कानात बटणासारखी बॅटरी घातली असेल तर थेंब न घालता त्याला लगेच रुग्णालयात न्यावे; ती काही तासांत आतली त्वचा जाळते.

सर्वांत घातक चूक म्हणजे अचानक आलेल्या बहिरेपणाला मळ समजणे. माणूस सकाळी उठतो, एक कान बंद वाटतो, दुखत नाही, फक्त गुणगुणल्यासारखा आवाज येतो. मग तो आठवडाभर तेल घालत बसतो. अशा वेळी ओठ मिटून ‘हं’ असा लांब आवाज काढून पाहावा. तो बंद कानात मोठा ऐकू आला तर अडथळा बहुधा मळाचा किंवा पडद्यामागच्या पाण्याचा असतो. चांगल्या कानात मोठा ऐकू आला तर ऐकण्याच्या नसेला इजा झाल्याची शंका घ्यावी. ही चाचणी खात्रीची नाही, त्यामुळे उत्तर काहीही आले तरी कान त्याच दिवशी तपासून घ्यावा. नसेच्या बहिरेपणावर स्टेरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातही जितके लवकर तितके, उपयोगी पडतात.