ज्युपिटर नोटबुकांचे बॅच रन

ज्युपिटर नोटबुक म्हणजे कोड आणि त्याचे निकाल ‘सेल’ नावाच्या तुकड्यांत एकत्र ठेवणारी फाइल. ब्राउझरमध्ये बसून एकेक सेल चालवण्याऐवजी अख्खी नोटबुक टर्मिनलवरून, कुणी समोर नसताना, आणि बहुतेक वेळा वेगवेगळ्या इनपुटवर चालवून घेणे म्हणजे नोटबुकचे बॅच रन. मासिक अहवाल, जिल्हावार विश्लेषण, नव्या डेटावर मॉडेलचे पुन्हा प्रशिक्षण अशा कामांत याची गरज पडते.

फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या आयपायथन या पायथनच्या संवादी शेलची ब्राउझरमधली नोटबुक २०११ मध्ये आली आणि २०१४ मध्ये त्यातून ज्युपिटर प्रकल्प वेगळा झाला. नोटबुकचा कोड कर्नल नावाच्या स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालतो, म्हणून ब्राउझर नसला तरी काही अडत नाही. एनबीक्लायंट ही लायब्ररी कर्नल सुरू करते, सेल वरून खाली पाठवते आणि मिळालेले आउटपुट फाइलमध्ये लिहिते. नोटबुका टर्मिनलवरून चालवणारी एनबीकन्व्हर्ट व पेपरमिल ही दोन्ही साधने तिच्यावरच उभी आहेत.

हाताने चालवताना सेल मागेपुढे चालवले जातात, पुसलेल्या सेलमधले व्हेरिएबल मेमरीत तसेच राहते आणि नोटबुक व्यवस्थित चालते असे वाटते. कोऱ्या कर्नलवर मात्र ती अडते. गिटहबवरच्या नोटबुकांच्या २०१९ मधील एका मोठ्या अभ्यासात, चालवून पाहिलेल्यांपैकी सुमारे २४ टक्केच विनात्रुटी चालल्या. मूळचेच निकाल देणाऱ्या जेमतेम ४ टक्के होत्या. त्यामुळे बॅचला लावण्याआधी कर्नल रीस्टार्ट करून सगळे सेल एकदा क्रमाने चालवणे ही पहिली पायरी. इनपुट मागणारा सेल असेल तर तो काढावाच लागतो. उत्तर द्यायला कुणी नसल्याने रन तिथेच एररने थांबतो.

एकच नोटबुक जशीच्या तशी चालवायची असेल तर एनबीकन्व्हर्ट पुरते. इनपुट बदलायचे असल्यास पेपरमिल घ्यावे. त्यात मूलभूत किमतींच्या (वेगळे काही न दिल्यास वापरायच्या डिफॉल्ट व्हॅल्यूंच्या) सेलला ‘पॅरामीटर्स’ असा टॅग लावतात. पेपरमिल त्या सेलच्या लगेच खाली नवा सेल घालून दिलेल्या किमती तिथे लिहिते आणि निकाल वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. मूळ नोटबुकला हात लागत नाही, आणि रन मध्येच पडला तरी कुठल्या सेलवर, कोणत्या एररने पडला हे त्या फाइलमध्ये दिसते.

रन पडला तर कळते तरी. खरा धोका चुकीच्या किमतींवर सुरळीत पार पडलेल्या रनचा. टॅग लावायचा राहिला तर नवा सेल सगळ्यात वर जातो आणि त्याखालची मूलभूत किंमत त्याच्यावर लिहिली जाते: मार्चचा म्हणून निघालेला अहवाल जानेवारीचाच असतो. टॅग केलेल्या सेलमध्येच महिन्यावरून फाइलचा पाथ तयार केला असेल, तर महिना बदलतो पण पाथ जुनाच राहतो. म्हणून त्या सेलमध्ये फक्त साध्या किमती ठेवाव्यात. आकड्यासारखी दिसणारी किंमत पेपरमिल आकडाच धरते, त्यामुळे ‘००७’ हा कोड ७ होतो. असे कोड मजकूर म्हणूनच पाठवण्याचा वेगळा पर्याय आहे, तो वापरावा. एरर आली तरी पुढे चालू राहण्याची मुभा एनबीकन्व्हर्टला दिली, तर रन यशस्वी म्हणून नोंदला जातो. रात्रीच्या कामात ती देऊ नये.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत) लावताना पायथनचा पूर्ण पाथ द्यावा, कारण क्रॉनला लॉगिन शेलचा पाथ मिळत नाही. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलच्या, ओळीत टक्क्याचे चिन्ह बॅकस्लॅशशिवाय लिहिले तर आज्ञा तिथेच तुटते. फाइलच्या नावात तारीख घालताना हे हमखास घडते. एनबीकन्व्हर्ट नोटबुकच्या फोल्डरमध्ये काम करते, पेपरमिल मात्र जिथून बोलावले त्या फोल्डरमध्ये, म्हणून साधन बदलले की सापेक्ष पाथ तुटतात. फाइलमध्ये लेखकाच्या मशीनवरचे कर्नलचे नाव साठवलेले असते. सर्व्हरवर ते नसेल तर पहिला सेलही चालत नाही. तेव्हा कर्नलचे नाव आज्ञेतच द्यावे.

अनेक नोटबुका समांतर चालवताना प्रत्येकीचा कर्नल वेगळी मेमरी घेतो. मेमरी संपली की लिनक्स एखादा कर्नल मारते आणि हाती फक्त ‘कर्नल मेला’ एवढाच संदेश येतो, पायथनची एरर येत नाही. नमपाय ही पायथनची आकडेमोडीची लायब्ररी स्वतःही अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) उघडते: ८ कोअरवर ४ नोटबुका लावल्या तर ३२ थ्रेड एकमेकांना अडवतात. अशा वेळी थ्रेडची मर्यादा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने प्रत्येकी २ ठेवावी.