गोळी रोजची, काम गावकीचं

एचआयव्हीसाठी आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. तिच्यात सहसा तीन औषधं एकत्र असतात. हा विषाणू स्वतःच्या नकला काढताना सतत चुकतो आणि त्या चुकांतूनच एखाद्या औषधाला दाद न देणारी नक्कल निपजते. तिन्ही औषधांना एकाच वेळी चकवणं तिला फार अवघड जातं. पण गोळ्यांचे खाडे झाले की रक्तातलं औषध उतरतं आणि नेमक्या चिवट नकला तगतात. शिवाय काही विषाणू पेशींत दडून असतात. उपचार थांबले की बहुधा काही आठवड्यांतच ते डोकं वर काढतात.

दवाखाना लांब, एका खेपेला मजुरी बुडते, वर रांगेत कुणी ओळखीचं दिसेल ही धास्ती. माणूस हळूहळू यायचा थांबतो. यावर डॉक्टर काय लिहून देणार?

मोझांबिकच्या तेते प्रांतात २००८ साली यावर तोडगा निघाला. उपचार घेणाऱ्यांनी जास्तीत जास्त सहा जणांचे गट केले. महिन्याला गट जमतो, उरलेल्या गोळ्या मोजतो. मग एकजण दवाखान्यात जाऊन स्वतःची तपासणी करून घेतो आणि येताना सगळ्यांची औषधं आणतो. सहा महिन्यांत प्रत्येकाची पाळी येते, म्हणजे तपासणीही कुणाची राहत नाही. हिशेब फार सुरेख आहे!

याचा फायदा त्या सहा जणांपुरता नाही. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं. रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका दबला, तर लैंगिक संबंधातून तो पसरतच नाही.

एचआयव्हीवर काम करणाऱ्या स्थानिक समित्या मात्र बहुतेकदा फलक आणि भाषणांतच अडकतात. त्यापेक्षा गाडीची सोय, बुडालेल्या मजुरीची भरपाई, गटाला बसायला जागा, एवढं केलं तरी पुष्कळ. आणि समितीत एचआयव्हीसह जगणारी माणसं हवीतच. अमेरिकेत रायन व्हाइट कायदा एचआयव्हीच्या उपचारसेवांना सरकारी पैसा पुरवतो. त्याखालच्या शहरी नियोजन परिषदांत किमान ३३ टक्के सदस्य या सेवा घेणारेच असावे लागतात.

एक पथ्य मात्र कडक पाळावं. समितीने नावं विचारू नयेत. किती जणांचे उपचार चालू आहेत, कितींचा विषाणू दबला आहे, एवढे आकडे दवाखान्याकडून मिळाले की तिचं काम भागतं. नावांची यादी फुटली, तर पुढच्या तपासणीला कुणी फिरकणार नाही.